भोजलीचं नाव

बायनाबाईने पेनचं टोपण दातांनी ओढून काढलं, मांडीवरच्या पाटावर कागद सरळ केला आणि सही करायच्या ऐवजी पेन तसाच हातात धरून ठेवला.

"सर, नावं वाचून दाखवा पह्यले. न आयकता मी कोनाच्या कागदावर सही करत नाई."

देवराव सर खुर्चीत पुढे सरकले. पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस; 'आधी समजावून सांगा' असं म्हणणारं कोणी भेटलं की त्यांना मनातून बरं वाटे. त्यांनी चष्मा लावला.

"तीनच आहेत, बाई. तुमच्या वयाकडे पाहून तीनच दिलेत. बाकीच्यांना चार-चार."

मामला असा होता. ब्रह्मपुरीच्या कडेला पंचवीस वर्षांपूर्वी धानाच्या बांध्या मोडून हे ले-आउट पडलं. बावीस घरं, प्रत्येकाला कंपाउंड, आणि संध्याकाळी फाटकाशी उभं राहून बोलायची प्रत्येकाची ठरलेली जागा. पश्चिमेला मोकळं पटांगण होतं. तिथे दोन वर्षांपूर्वी खांब उभे राहिले आणि बघता बघता चार मजल्यांच्या दोन बिल्डिंगी झाल्या. गावात भाड्याने नाहीतर झोपडीत राहणाऱ्यांसाठी सरकारी घरं, एकूण शहाण्णव. ले-आउटला त्या नको होत्या. सरांनी अकरा मुद्द्यांचं निवेदन लिहिलं. पाणी पुरणार नाही, नाली तुंबेल, रस्ता अरुंद आहे, कचरा कोण उचलणार, असे एकेक. सातवा मुद्दा 'वरच्या मजल्यांवरून एकमेकांस मोठ्याने हाका मारल्या जाऊन परिसराची शांतता भंग पावेल' असा होता आणि तो सरांचा विशेष लाडका होता. निवेदनाला पोच मिळाली, त्यापलीकडे काही मिळालं नाही. बिल्डिंगींना पिवळा रंगसुद्धा लागला.

आता घरं मिळणाऱ्यांची यादी कचेरीच्या भिंतीवर लागली होती. एखाद्या नावावर कोणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्यायची होती. बिल्डिंग अडत नाही तर निदान नावं तरी अडवावीत, असं सरांनी ठरवलं. पाच वर्षांपासून गावात राहणाऱ्यालाच घर, असा नियम होता. तेव्हा यादीतली अनोळखी नावं त्यांनी काढली, बावीस घरांत वाटली आणि छापील मजकूर करून आणला: 'सदर व्यक्तीस मी ओळखत नाही. सदर व्यक्ती या गावात राहत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.'

"पवन सुखदेव मांदाडे," सरांनी वाचलं.

"हा त सायकलवर भाजी घेऊन येते. मी ओळखते याले. याचा कागद ठेवा बाजूले."

सरांचं तोंड जरा उतरलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

"मिथुन गजानन पोटे."

बायनाबाईने आठवून पाहिलं. नाही आठवलं. तिने सही केली. सही म्हणजे तिच्यासाठी मोठं काम. सरकारी दवाखान्यात आया म्हणून लागताना ती सहीपुरतं लिहायला शिकली होती आणि अजूनही एकेक अक्षर ती दळण निवडल्यासारखं निवडून ठेवी.

"दुर्गा लालसू हलामी."

"हलामी?"

"तुमच्याकडचं आडनाव ना हे? कुरखेडा-कोरचीकडचं?"

"आमच्याकडं हलामी पायलीचे पन्नास, सर."

तरी तिने डोळे मिटून घेतले. तेहेतीस वर्षं दवाखान्यात काढली होती तिने. बाळंतपणाच्या खाटेवर ज्यांचा हात धरला अशा दुर्गा चार-पाच तरी होत्या. एक वडश्याची, एक सावलीची, एक गोंडपिपरीहून आलेली. हलामी एकही नव्हती. तिने डोळे उघडले.

"नाई," ती म्हणाली. "या नावाच्या बाईले मी नाई ओळखत."

आणि तिने सही केली, बायनाबाई बापूराव लोणारे. खोटं काही लिहिलं नव्हतं, म्हणून मनाला काही टोचलं नाही. खरं सांगायचं तर ती बिल्डिंग बायनाबाईलाही नकोच होती. दुपारी साडेतीनला तिची सावली कंपाउंडवर चढे आणि अंगणात वाळत घातलेली लाखोळीची डाळ ओलसर राही. विहिरीचं पाणी तर बिल्डिंगीसाठी बोअर पडल्यापासून खाली गेलं होतं ते गेलंच.

सर गेले. बायनाबाई पाट उचलायचा सोडून तशीच बसून राहिली. हलामी हे आडनाव तोंडात आलं की तिचं असं होई, कारण भोजली हलामी होती.

भोजली म्हणजे काय हे ले-आउटमध्ये कोणाला सांगून कळलं नसतं. बायनाबाईचं माहेर येरंडटोला, कोरचीच्या पलीकडे. तिथून छत्तीसगड इतकं जवळ की कोंबडा तिकडे आरवला तर झोप इकडची मोडायची. तिकडच्या बाया श्रावणात टोपलीत माती घालून गहू पेरतात आणि टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात. उजेड नसल्यामुळे अंकुर पिवळेधम्मक येतात. त्यालाच भोजली म्हणतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी ती वाजतगाजत बोडीत, म्हणजे गावतळ्यात, सोडायची, आणि सोडताना दोन-चार अंकुर राखून ज्या मैत्रिणीवर जीव असेल तिच्या कानामागे खोचायचे. तिनेही आपल्या कानामागे खोचायचे. तेव्हापासून दोघी एकमेकींच्या भोजली, जन्मभरासाठी. आणि त्या दिवसापासून एकमेकींचं नाव बंद. नाव तोंडातून गेलं की भोजली तुटली.

बायनाबाईचा बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेला. तो म्हणाला, आपल्या घरात टोपली पेरायची नाही. आई म्हणाली, नको पेरू, तिच्या घरची आहे ना पेरलेली. मग अकरा वर्षांच्या दोघी पोरी, एक बौद्धाची, एक गोंडाची, बोडीच्या काठावर गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि एकमेकींच्या भोजली झाल्या. पहिल्या आठवड्यात बायनाची जीभ एकदा घसरली, पण अर्ध्यावर. पहिलं अक्षर बाहेर आलं आणि तिने जीभ इतकी चावली की रक्त आलं. भोजली तरी दोन दिवस रुसली होती.

पंचावन्न वर्षं झाली त्याला. बायनाचं लग्न आधी झालं, ती एसटीतल्या कंडक्टराची बायको होऊन ब्रह्मपुरीला आली. भोजलीला धानोऱ्याकडे कुठेतरी दिलं. हलामींच्या घरात, एवढं कळलं. भोजली दोनदा दवाखान्यात येऊन गेली. एकदा बाळंतपणाला, एकदा पोरीचा ताप उतरत नव्हता म्हणून. नवऱ्याचं नाव ती घेत नसे, 'आमचा मानूस' म्हणे. दवाखान्याच्या केसपेपरावर काय नाव लिहिलं ते पाहायला बायनाला वाचता येत नव्हतं. तापातून उठलेल्या पोरीला घेऊन भोजली निघाली तेव्हा म्हणाली, "मिरची तोडाले तेलंगणात चाललो आम्ही सारे. उन्हाळ्यात येतो." त्यानंतर अठ्ठावीस उन्हाळे गेले.

बायनाबाईने शोध घेतला नाही असं नाही. पण शोधायचं कसं? एसटी स्टँडवर तिकडची माणसं दिसली की ती विचारी, "येरंडटोल्याची भोजली कुठी असते, मालूम हाय का?" ते विचारत, "कोनाची भोजली?" ती म्हणे, "माही." माणसं हसत आणि जीपमध्ये चढत. बापूराव जिवंत होता तोवर तोही चिडवायचा.

"अवो, नाव त सांग. साऱ्या डेपोत इचारतो मी."

"नाव घेऊन भेटली त भेटून का फायदा?"

"मंग जमन तसं कागदावर लिहून दे. तोंडानं नको घेऊ."

यावर तिने खरोखर दोन दिवस विचार केला होता, आणि मग सांगितलं होतं की हातही माझाच आहे. बापूराव त्यावर इतका हसला होता की त्याला खोकला लागला. तो गेल्यावर घरात हसणारं कोणी उरलं नाही. मुलगा प्रफुल पुण्याला. रविवारी फोन करी, गोळ्या घेतल्या का विचारी. सगळे तिला मान देत. आयाबाई म्हणत, आजी म्हणत, काकू म्हणत. 'बायना' म्हणणारं पृथ्वीवर कोणी राहिलं नव्हतं आणि 'भोजली' म्हणणारं एकच होतं, ते कुठे होतं देव जाणे. तिला ती हवी होती. रोज हवी होती. भाजी निवडताना समोर बसायला, आणि काही न बोलता बसायला.

*

सुनावणीच्या दिवशी शेजारच्या माधवीने तिला स्कूटीवर कचेरीत नेलं. माधवी कॉलेजात शिकवत असे. तिच्या बोअरला उन्हाळ्यात दोन महिने हवा येत होती, त्यामुळे ती या कामी मनापासून होती. सर आधीच पहिल्या रांगेत फाइल मांडीवर घेऊन बसले होते. मागच्या बाकांवर यादीतली माणसं, धुतलेले कपडे घालून, पिशव्या पोटाशी धरून बसली होती. बायनाबाईने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. छापील कागदावर सही करणं सोपं होतं. त्या कागदाला तोंड असतं हे इथे येऊन कळत होतं.

टेबलामागे एक थकलेले, पण आवाज न चढवणारे साहेब होते. एकेक नाव पुकारलं जात होतं. मिथुन पोटे आला, भाड्याच्या खोलीची पावती दाखवून पाच मिनिटांत सुटला. सरांनी वहीत काट मारली.

"दुर्गा लालसू हलामी!" शिपायाने पुकारलं.

मागून एक म्हातारी उठली. बरोबर तिशीची मुलगी होती, तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी. म्हातारी गुडघ्यावर हात देऊन चालत पुढे आली. शिपायाने दिलेला नंबराचा कागद तिने गुंडाळून कानामागे खोचला होता. उजव्या कानामागे.

बायनाबाईच्या हातात पाण्याची बाटली होती. ती तोंडाशी न्यायची की खाली ठेवायची हे तिला कळेना. म्हातारीच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं. ते गोंदताना ओरडू नये म्हणून तिने जो हात पिळून काढला होता, तो हात आता बाटलीला धरून होता.

म्हातारी टेबलाशी थांबली. तिने सहज बाजूला पाहिलं आणि पाहतच राहिली.

"भोजली?" ती अगदी हळू म्हणाली.

"हरकत घेणारे कोण?" साहेब कागदातून वर न पाहता बोलले. "बायनाबाई बापूराव लोणारे?"

बायनाबाईला उठावं लागलं.

"मी, जी."

भोजलीने तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. कानामागचा कागद तिने काढला आणि मुठीत धरला. बायनाबाईला वाटलं, हिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही लिहून दिलंय, या व्यक्तीस ओळखत नाही."

"साहेब, मी हरकत मांगं घेते. माही चूक झाली. मी हिले ओळखते."

देवराव सरांनी मान वळवली. माधवीनेही.

"ठीक आहे, तुमची हरकत मागे," साहेब म्हणाले. "पण आता कागद उघडलेत तर मला बघावं लागेल. बाई, गावात पाच वर्षांपासून राहता याचा पुरावा?"

दीपिका, म्हणजे ती मुलगी, पुढे झाली. पिशवीतून तिने एक तेलकट रजिस्टर काढलं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या राइस मिलमध्ये दोघी सहा वर्षं कामाला होत्या, तिथेच मागच्या खोलीत राहत होत्या. हे मिलचं हजेरीचं बुक होतं. मालकाने सही-शिक्का देऊन पाठवलं होतं.

सहा वर्षं. बायनाबाईने मनाशी अंतर मोजलं. बाजार, पाण्याची टाकी, मग मिल. दीड कोस. सहा वर्षं ती इथून दीड कोसावर धान उकडत होती आणि आपण गुडघे दुखतात म्हणून बाजाराच्या पुढे गेलो नाही.

साहेबांनी रजिस्टर चाळलं आणि कपाळाला आठी पडली.

"यात दुर्गा कुठेय? दीपिका आहे. दुर्गा नाही. हिच्या आधी भलतंच नाव आहे." आणि त्यांनी ते नाव वाचलं.

ते नाव इथेही लिहिता येईल. पण जिने पंचावन्न वर्षं सांभाळलं ती समोर उभी असताना आपणच ते आधी घेऊन टाकणं बरं नाही. साहेबांनी वाचलं तेव्हा बायनाबाईने पदराचं टोक तोंडाशी नेलं, एवढंच सांगता येईल.

"थे मीच हाय, जी," भोजली म्हणाली. "मायबापानं ठेवलेलं थे नाव हाय. राशन कार्ड बनवनारा बाबू म्हने, या गावात पाच-पाच आहेत तुह्या नावाच्या, किती लिहू, तू दुर्गा हो. मी म्हनलं, लिही. मंग आधारवाल्यानंबी थेच लिहिलं. मिलमंदी मुकादमानं नाव इचारलं त मी आपलं खरं सांगतलं."

"मी मानतो, बाई. पण कागद मानत नाही. या दोन नावांची बाई एकच, हे बाहेरच्या कोणीतरी सांगायला हवं. घरच्या माणसाचं चालत नाही. लहानपणापासून ओळखणारं आहे का कोणी?"

"येरंडटोल्याचे लोक आहेत," दीपिका म्हणाली. "पन तिथून यायले..."

"आज शेवटचा दिवस आहे."

सभागृहातला पंखा कुरकुरत होता. बायनाबाई दोन पावलं पुढे आली.

"मी हाय, साहेब. मी ओळखते लहानपनापासून. हीच ती."

"हीच कोण? 'हीच ती' असं मला लिहिता येत नाही. तुम्ही दोन्ही नावं घेऊन सांगा, मी लिहून घेतो, तुम्ही सही करा."

"दुर्गा लालसू हलामी," बायनाबाई म्हणाली. हे सोपं होतं. हे नाव कोणा बाबूने ठेवलेलं होतं.

"आणि?"

तिने पदराचं टोक पुन्हा तोंडाशी नेलं.

"बाई, आत्ता म्हणालात की ओळखता."

"ओळखते."

"मग नाव सांगा की."

"रजिस्टरमंदी हाय ना, साहेब. तुमी वाचलं."

"मी वाचून उपयोग नाही. साक्ष तुमची आहे. उद्या कोणी म्हणेल, साहेबांनीच नाव सांगितलं आणि बाईंनी मान हलवली." बोलता बोलता त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं, तसे सर फाइलमध्ये काहीतरी शोधू लागले.

भोजली मध्येच बोलली. साहेबांशी नाही, बायनाबाईशीही नाही, टेबलाच्या कडेशी बोलावं तशी.

"राहू दे. नको घेऊ. घर नाई भेटलं तरी चालते. मिलमंदी खोली हाय."

"आई," दीपिका म्हणाली, "मालकानं खोली खाली करायले सांगतली ना पोळ्यापर्यंत."

"तू चूप बस."

बायनाबाईने भोजलीकडे नीट पाहिलं. हातांची कातडी वाफेने सोललेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेला. ही बाई आपल्यावर रागावलेली आहे आणि तरी आपल्याला नाव घेण्यापासून अडवते आहे. घर सोडेल, पण भोजली सोडणार नाही. आपण मात्र हिच्या नावाखाली सही करून बसलो. एकाएकी बायनाबाईला स्वतःची आणि त्या सगळ्या वर्षांची इतकी चीड आली की तिचा आवाज सभागृहात मागेपर्यंत गेला.

"बुधरी," ती म्हणाली. "ही बुधरी हाय. येरंडटोल्याच्या कोलूची लहानी पोरगी, बुधरी. हिची माय सुकरी. बुधवारी झाली म्हून बुधरी. माह्यापेक्षा चार महिन्यांनी लहान हाय बुधरी. मी हिच्यासंग बोडीत पोहली, हिच्यासंग टेंभरं खाल्ली. इथल्या दवाखान्यात हिची दीपिका माह्या हातावर झाली. बुधरी आन दुर्गा एकच हाय. लिहा."

एकदा सुटल्यावर ते नाव थांबेचना. साहेबांनी लिहून घेतलं. बायनाबाईने सही केली. या वेळी एकेक अक्षर निवडावं लागलं नाही. मान वर केली तेव्हा बुधरी दाराकडे निघालेली होती. ती दोन्ही हातांनी कान झाकून चालत होती, लहान पोरं झाकतात तसे.

फाटकापाशी बायनाबाईने तिला गाठलं. ऑटो उभा होता, दीपिका आत बसली होती. बुधरी एक पाय वर ठेवून थांबली.

"घ्यायचं नव्हतं," ती म्हणाली. "मी सहा वर्षं त्या मिलमंदी साऱ्याईले सांगत होती, मही एक भोजली हाय या गावात, दवाखान्यात होती. कोनाले तुहं नाव मालूम नव्हतं. मीबी नाई सांगतलं."

ऑटो गेला. बायनाबाई धुरात उभी राहिली.

बायनाबाई स्कूटीवर बसत होती तेव्हा सर जवळ आले. त्यांचा चेहरा तिमाही परीक्षेचे पेपर तपासल्यासारखा झाला होता.

"बाई, तुम्ही तर उलटंच केलंत."

"हो, सर," बायनाबाई म्हणाली. "उलटं आधी केलं होतं."

*

अंतिम यादी लागली. सरांनी शहाण्णवपैकी नऊ नावं पाडली होती. दुर्गा लालसू हलामी त्यांत नव्हती, हे माधवीने मोबाइलवर पाहून सांगितलं, आणि सांगून झाल्यावर बायनाबाईच्या ओट्यावर जरा वेळ बसून राहिली.

पोळ्याच्या आधी ट्रॅक्टर येऊ लागले. खाटा, पेट्या, गॅसच्या शेगड्या, बांधलेल्या कोंबड्या. सरांचे मुद्दे हळूहळू खरे होऊ लागले, तेही नाकारता येत नाही. पाण्याचा टँकर अडीच तास उशिरा आला आणि भांडणं झाली. नाली एकदा तुंबली. रस्त्यात मोटारसायकली उभ्या राहिल्या, आणि माधवीच्या बोअरला भर पावसाळ्यातही हवा येऊ लागली.

बायनाबाई रोज सकाळी अंगणात डाळीचं सूप घेऊन बसे आणि वर पाही. बाल्कन्यांत लुगडी वाळत, पण कोणतं कोणाचं हे ओळखू येत नसे. तिला विचारता आलं असतं. आता तर नाव घ्यायलाही काही हरकत नव्हती. कोणालाही विचारावं, बुधरी कोणत्या नंबरात राहते? पण तिचा धीर होत नव्हता. तोडणारी आपण. आता जायचं ते कोण म्हणून जायचं? भोजली म्हणून जाता येत नव्हतं, शेजारीण म्हणून जायला मन घेत नव्हतं. दोन बिल्डिंगी, चार मजले, मध्ये एक कंपाउंडची भिंत, आणि अठ्ठावीस वर्षांत ओढ लागली नव्हती इतकी ओढ तिला त्या पंधरा दिवसांत लागली.

श्रावण असाच गेला. राखीचा दुसरा दिवसही गेला. त्या दिवशी तिने सकाळपासून डाळीला हात लावला नाही.

भाद्रपदातल्या एका सकाळी ऊन चांगलं होतं. देवराव सर त्यांच्या फाटकाशी पेपर वाचत उभे होते. बायनाबाई सूप मांडीवर घेऊन खडे निवडत होती. तेवढ्यात वरून, खूप वरून, कोणीतरी गळा ताणून हाक मारली.

"बाय-ना!"

टँकरच्या रांगेतल्या बायांनी वर पाहिलं. सरांनी पेपर खाली केला.

"घ्या," ते म्हणाले. "सातवा मुद्दा."

बायनाबाईच्या हातातला खडा परत डाळीत पडला. या नावाने तिला शेवटची हाक कोणी मारली होती, ते तिला आठवेना. आई गेल्यावर कोणीच नाही. आणि या आवाजाने तर बोडीच्या काठानंतर कधीच नाही.

चौथ्या मजल्यावर, कडेच्या बाल्कनीत, कठड्यावर दोन्ही कोपर टेकून एक म्हातारी उभी होती. एवढ्या उंचावरून हनुवटीवरचे ठिपके दिसणं शक्य नव्हतं. तिने पुन्हा हाक मारली, या वेळी जरा चिडून, ऐकू येत नाही का म्हणून.

"बायना! वो बायना!"

बायनाबाई सूप बाजूला ठेवून उठली. सवयीने तिच्या ओठांवर भोजली आलं. ते तिने आत घेतलं, घसा साफ केला आणि दोन्ही हात तोंडाशी धरले.

"का वो, बुधरी?"

"चाय मांडली. ये वर."

"किती पायऱ्या हाय?"

"मोजत ये," बुधरी ओरडली.

बायनाबाईने चपला पायांत सरकवल्या, सूप झाकलं आणि सरांसमोरून, गुडघ्यावर हात देत, बिल्डिंगीकडे निघाली.